गंजलेल्या गाड्या जलरंगात काढताना गंज चॉकलेट फासल्यासारखा का दिसतो? कुठला ब्राउन वापरावा?

ब्राउन कुठलाही घ्या. तांबूस बर्न्ट सिएना, पिवळसर रॉ सिएना आणि निळा अल्ट्रामरीन, या तीन ट्यूबांवर माझी आजवरची सगळी भंगाराची चित्रं झाली आहेत. चूक रंगात नाही. गंज कुठे धरतो ते न बघता तुम्ही तो हवा तिथे लावताय, म्हणून तो फासल्यासारखा दिसतो.

मी हे शिकले ते आमच्या मॅटाडोरवर. बाबांची बजाज टेम्पोची निळी मॅटाडोर. देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन ते रात्रभर चालवत वाशी मार्केटला जायचे. गुडघे गेल्यावर गाडी परसात फणसाखाली उभी राहिली ती बारा पावसाळे. एका मे महिन्यात दादानं भंगारवाल्याशी किलोवर सौदा केला आणि मला फोन केला, परवा नेणार आहेत म्हणून. मी कागद, रंग घेऊन रात्रीच्या एसटीनं घरी गेले.

पहिल्या दिवशीचं चित्र टाकून दिलं. तुमच्यासारखंच झालं होतं, निळ्यावर सगळीकडे तांबूस ठिपके. बाबा काठी टेकत मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्या दाराच्या मधी गंज खंयसून इलो? थंय पाणी ऱ्हवणाच नाय." आणि मग, "गाडी पावसान कुसणा नाय, अडलेल्या पाण्यान कुसता."

मग त्यांनी काठीनं एकेक जागा दाखवली. टपाच्या कडेची पन्हळ, जिथे फणसाची पानं अडकून पाणी तुंबायचं. काचेच्या रबराखालची फट. दाराची खालची कड, कारण पाणी जायची भोकं चिखलानं बुजलेली. मडगार्डची आतली बाजू. नंबरप्लेटचे बोल्ट. दाराचा मधला पत्रा मात्र उन्हानं विटून खडूसारखा पांढुरका झाला होता, पण गंज नव्हता. पत्र्याच्या सांध्यात हात घालून ते म्हणाले, इथे आतून सुरू होतो, बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो, फोड येतो, फुटतो, पापुद्रा सुटतो. वर आपल्या कोकणातली खारी हवा.

दुसऱ्या दिवशी मी तसं काढलं. आधी विटका निळा, भरपूर पाण्यात, गंजाच्या जागा कोऱ्या सोडून. तो पूर्ण वाळू दिला. हे फार महत्त्वाचं आहे. निळा आणि तांबूस दोन्ही ओले असताना भेटले की एकमेकांना मारतात आणि चिखल होतो. तुमचा चॉकलेटी बहुधा तिथूनच येतोय. मग कोऱ्या जागेत आधी रॉ सिएना, ओला असतानाच आत बर्न्ट सिएना, आणि अगदी मध्यभागी दाट अल्ट्रामरीनचा एक थेंब. जुना गंज मध्ये काळपट जांभळा असतो, कडेला नारिंगी आणि त्याच्याही बाहेर पिवळा डाग. ओघळासाठी कागद जवळजवळ उभा धरायचा, बोल्टापाशी भरलेला ब्रश टेकवायचा आणि हात काढून घ्यायचा. उरलेलं पाणीच करतं. शेवटी पापुद्र्याच्या खालच्या कडेला केसाएवढी गडद रेघ, म्हणजे रंग पत्र्यापासून सुटलाय हे कळतं. ती रेघ नसेल तर गंज रंगाच्या वर बसल्यासारखा वाटतो.

मीठ भुरभुरू नका. व्हिडिओत सगळे सांगतात. मिठानं कागदावर चांदण्या उमटतात, आणि गंजाला तो आकार नसतो.

मी शिकायला जायचे तिथल्या सरांना ते चित्र दाखवलं. ते म्हणाले, भंगार कोण भिंतीवर लावणार, बंदरात होड्या आहेत त्या काढ. आणि वर, असलं जड, खरबरीत काम जलरंगाचं नव्हे, त्याला तैलरंग हवेत. तेव्हा मी गप्प बसले. आज बसणार नाही. आपल्या सावंतवाडीच्या चित्रकार हळदणकरांनी हातात समई घेतलेली बाई काढली, ज्योतीवर धरलेल्या बोटांतून झिरपणारा उजेड आणि मागचा सगळा काळोख जलरंगात. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये लोक रांगेनं बघतात. तो काळोख जलरंगाला पेलतो, तर मॅटाडोरचा पत्रा का पेलणार नाही?

उलट गंज जलरंगाचाच आहे. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली माती, तिचा रंग लोहाच्या ऑक्साईडचा. कुंड्यांना लावतो तो गेरू तेच, कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरच्या तांबड्या-पांढऱ्या नक्षीतली, म्हणजे कावी कामातली काव तेच, गॅरेजमधला रेड ऑक्साईड प्रायमर तेच. गाडीवर पाण्यानं जे केलं, तेच द्रव्य कागदावर पुन्हा पाण्यानंच पसरवायचं. शिवाय हे मातीचे रंग उन्हात उडत नाहीत. होडीवर सरांनी लावलेले गुलाबी मात्र उडालेले मी पाहिलेत. आणि भिंतीवर कोण लावणार म्हणाल, तर ते चित्र बाबांच्या खाटेसमोर ते गेले त्या दिवसापर्यंत होतं. रोज दाराची कड बघायचे.

काही गोष्टी आधी सांगायच्या राहिल्या. एसटीची जुनी लाल बस काढणार असाल तर तिच्या अंगावर तांबडा गंज चढवू नका; त्या बसचा बाहेरचा पत्रा अॅल्युमिनियमचा, तो पांढरा पडतो. तांबडे ओघळ आतल्या लोखंडी सांगाड्यातून सांध्यावाटे येतात. कागद ३०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) खाली घेऊ नका, एवढ्या पाण्यात फुगतो. पावसाळ्यात आमच्याकडे पहिला थर वाळायलाच तास लागतो, घाईनं दुसरा लावला की वर सांगितलेलं सगळं फुकट. आणि पडीक गाडीजवळ बसण्याआधी खाली काठी फिरवून घ्या. आमच्या मॅटाडोरखाली त्या दोन दिवसांत एक फुरसं निघालं होतं.

पुढचं चित्र झालं की दाराच्या खालच्या कडेचा फोटो जवळून काढून पाठवा. मी आधी तेवढंच बघणार आहे.