वाचकांचे प्रश्न : ‘एलीट’ आणि त्याचा नवा अवतार ‘ऊलाइट’

गेल्या अंकात ‘ऊलाइट’ या मोफत अंतराळ-खेळाचा परिचय करून दिल्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. ज्यांनी तो परिचय वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘एलीट’ हा मूळ खेळ केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘बीबीसी मायक्रो’ या संगणकासाठी लिहिला आणि तो सप्टेंबर १९८४ मध्ये एकॉर्नसॉफ्टने प्रकाशित केला. खेळाडूजवळ एक लहान व्यापारी यान आणि १०० क्रेडिट (खेळातील चलन) असतात. त्यापुढे व्यापार करायचा, चाच्यांशी लढायचे की स्वतःच चाचेगिरी करायची, हे त्याने ठरवायचे. जाइल्स विल्यम्स यांनी सुरू केलेला ‘ऊलाइट’ हा त्याच विश्वाचा आजच्या संगणकांसाठी नव्याने लिहिलेला अवतार आहे. आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मूळ खेळात २,०४८ ग्रह होते आणि संगणकाची स्मृती केवळ ३२ किलोबाइट होती, असे आपण लिहिले आहे. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही एवढ्या जागेत मावत नाही. मी गणित शिकवत असे, त्यामुळे ‘युक्ती केली’ एवढ्यावर माझे समाधान होणार नाही. कृपया रीत सांगावी. – एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

आपल्यासारख्या वाचकाला रीतच सांगायला हवी, आणि ती कागद-पेन्सिलीने पडताळता येते ही त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. त्या ३२ किलोबाइटपैकी बराच भाग पडद्यावरील चित्राला आणि यंत्राच्या स्वतःच्या कामाला लागत असे. खेळासाठी सुमारे २२ किलोबाइटच उरत. त्यात ग्रहांची यादी ठेवणे शक्यच नव्हते, म्हणून लेखकांनी यादी ठेवलीच नाही. त्यांनी तीन संख्या ठेवल्या आणि ग्रह त्यांतून दर वेळी नव्याने काढले.

पहिल्या आकाशगंगेच्या त्या तीन संख्या २३११४, ५८४ आणि ४६९३१ अशा आहेत. नियम असा की तिन्हींची बेरीज करावी, ती ६५५३६ किंवा त्याहून अधिक झाली तर त्यातून ६५५३६ (गरज पडल्यास दोनदा) वजा करावेत, पहिली संख्या सोडून द्यावी आणि आलेले उत्तर तिसऱ्या जागी ठेवावे. येथे बेरीज ७०६२९ येते, म्हणजे नवी संख्या ५०९३. पुन्हा तेच केले की ५२६०८, आणि आणखी एकदा केले की ३९०९६. आता ४६९३१, ५०९३, ५२६०८ आणि ३९०९६ या चार संख्यांना २५६ ने भागून फक्त पूर्णांक भागाकार घ्या : १८३, १९, २०५ आणि १५२. त्यांना ३२ ने भागून बाकी घ्या : २३, १९, १३ आणि २४. खेळात इंग्रजी अक्षरजोड्यांचा एक छोटा तक्ता आहे. त्यात २३ क्रमांकावर ‘टी’, १९ वर ‘बे’, १३ वर ‘डी’ आणि २४ वर ‘एड’ या उच्चारांच्या जोड्या आहेत. झाले ‘टीबेडीएड’, आणि पहिल्या आकाशगंगेतील पहिल्या ग्रहाचे नाव नेमके हेच आहे. नकाशावरील त्याची जागाही याच संख्यांतून मिळते : ५८४ ला २५६ ने भागल्यावर २, म्हणजे आडवे अंतर, २३११४ ला भागल्यावर ९०, म्हणजे उभे अंतर. ग्रहावर शेती आहे की कारखाने, तेथे लोकशाही आहे की हुकूमशाही, लोकसंख्या किती, हे सारे त्याच तीन संख्यांच्या निरनिराळ्या अंशांतून ठरते.

अशी चार पावले पूर्ण झाली की पुढच्या ग्रहाच्या संख्या तयार होतात, आणि अशा रीतीने एका आकाशगंगेत २५६ ग्रह निघतात. दुसऱ्या आकाशगंगेत जाताना मूळ संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहून त्यांच्या प्रत्येक बाइटमधील, म्हणजे आठ अंकांच्या गटातील, अंक एकेक घर डावीकडे फिरवले जातात, आणि डावीकडून बाहेर पडणारा अंक उजवीकडे येतो. आठ वेळा फिरवले की बाइट पूर्ववत होतो, म्हणून आठव्या उडीनंतर खेळाडू पहिल्या आकाशगंगेत परततो. फिरवण्याची ही रीत आठावर थांबते, पण सुरुवातीच्या तीन संख्या निवडण्याला खरे तर आठाची मर्यादा नव्हती. लेखकांच्या मनात २ चा ४८ वा घात इतक्या आकाशगंगा होत्या. प्रकाशकांनी त्यांना आठावर थांबवले, कारण एवढ्या प्रचंड संख्येमुळे सारे ग्रह एकसारखेच आहेत हे खेळाडूच्या लगेच लक्षात आले असते. तो सल्ला अतिशय शहाणपणाचा होता असे माझे मत आहे.

प्रश्न : आमचा यंत्रमागाचा व्यवसाय आहे, त्यामुळे मुलाने खेळ सुरू करून दिल्यावर मी साहजिकच लेव्ह ग्रहावर कापड खरेदी केले. चार खेपा झाल्या तरी पदरात काही पडत नाही. व्यापाराचे गणित चुकते आहे काय? – अक्कलकोट रस्ता, सोलापूर

आपले गणित बरोबर आहे, जिन्नस मात्र या मार्गाचा नाही. या खेळात मालाचा भाव मुख्यतः ग्रहाच्या अर्थव्यवस्थेवर ठरतो. सोलापूरच्या मार्केट यार्डात आवक वाढली की कांद्याचा भाव पडतो आणि तोच कांदा जेथे पिकत नाही तेथे चढ्या दराने विकला जातो, तेच तत्त्व येथे आहे. फक्त प्रत्येक जिन्नसावर त्याचा परिणाम वेगवेगळ्या प्रमाणात होतो. लेव्ह हा श्रीमंत शेतीप्रधान ग्रह आहे आणि त्याच्या टप्प्यातील झाओन्स हा मध्यम दर्जाचा औद्योगिक ग्रह आहे. मूळ खेळाच्या सूत्राप्रमाणे लेव्हवर कापडाचा भाव टनामागे साधारण ६ ते ७ क्रेडिट आणि झाओन्सवर साधारण ८ असतो, म्हणजे नफा जेमतेम दीड क्रेडिट. धान्य लेव्हवर ४ च्या आत-बाहेर मिळते आणि झाओन्सवर ७ च्या आसपास जाते. संगणकांचे मात्र उलटे आहे : ते झाओन्सवर ६७-६८ क्रेडिटला घेऊन लेव्हवर ९० च्या आसपास विकता येतात, म्हणजे एका टनाला २० क्रेडिटहून अधिक सुटतात.

तेव्हा पहिल्या खेपेला यानातील वीस टनांची जागा धान्याने भरून झाओन्स गाठावे, येताना हातातील पैशांत बसतील तेवढे संगणक आणावेत आणि भांडवल वाढेपर्यंत हीच फेरी चालू ठेवावी. ४०० क्रेडिट जमले की मालाची जागा ३५ टनांपर्यंत वाढवून घ्यावी. अनेक नवखे खेळाडू आधी भारी तोफ घेतात आणि मग मालासाठी पैसाच उरत नाही. मात्र अराजक असलेल्या ग्रहांकडे एवढ्यात वळू नये, कारण तेथे चाच्यांचा उपद्रव सर्वाधिक असतो.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. स्थानकात शिरताना माझे यान दर वेळी आपटते आणि सगळी कमाई जाते. डॉकिंग जमण्याचा उपाय सांगाल का? – सात रस्ता परिसर, सोलापूर

बाळा, हा अनुभव १९८४ पासून जवळजवळ प्रत्येक खेळाडूला आला आहे. स्थानक स्वतःभोवती सतत फिरत असते आणि त्याचे दार म्हणजे एक अरुंद, आडवी फट असते. ती फट नेहमी ग्रहाच्या दिशेला असते, हे आधी लक्षात ठेव. त्यामुळे स्थानक दिसताच थेट त्याच्यावर चालून जाऊ नकोस. आधी स्थानक आणि ग्रह यांच्या मधल्या रेषेवर, स्थानकापासून बऱ्यापैकी लांब जा. ‘ऊलाइट’मध्ये तेथे एक दिशादर्शक तरंगता बोया ठेवलेला आहे. त्याच्याजवळ पूर्ण थांब आणि मग यानाचे तोंड स्थानकाकडे वळव. पडद्याच्या मधोमध असलेली खूण फटीच्या अगदी मध्यावर आली पाहिजे. ती येईपर्यंत पुढे सरकायचेच नाही.

त्यानंतर हळू वेगाने निघ आणि अंतर कमी होऊ लागले की स्थानक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने, त्याच गतीने आपले यानही फिरवायला लाग. गती जुळली की फट पडद्यावर स्थिर आणि आडवी दिसू लागते. शेवटच्या टप्प्यात नाक वर-खाली करण्याचा मोह टाळ; खूण फटीवरून सरकलीच तर यान थांबव, मागे फिर आणि बोयापासून पुन्हा सुरुवात कर. आपोआप आत नेणारे डॉकिंगचे यंत्र १,५०० क्रेडिटला विकत मिळते, परंतु हाताने आत जाणे जमल्यावरच ते घ्यावेस असे मला वाटते. खेळ जतन करण्याची सोय स्थानकात पोहोचल्यावरच आहे, म्हणून प्रत्येक वेळी आत शिरताच आधी ते काम उरकत जा.

प्रश्न : मालाच्या यादीत अमली पदार्थ, शस्त्रे आणि चक्क गुलामही दिसले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती असा खेळ द्यावा काय? – एक पालक, होटगी रस्ता, सोलापूर

आपली शंका रास्त आहे. मूळ खेळातील १७ जिन्नसांत हे तिन्ही आहेत, आणि नव्या अवतारानेही ते काढून टाकलेले नाहीत. ते निषिद्ध माल म्हणून आहेत : स्थानकावर ते विकत घेता येतात, पण घेऊन बाहेर पडणाऱ्याच्या नावावर गुन्हा चढतो, पोलिसांची याने त्याच्यावर गोळीबार करतात आणि गुन्हे वाढत गेले की तो फरारी ठरतो. गुन्ह्याची नोंद पुढे हळूहळू कमी होते, पण तोपर्यंतचा प्रत्येक प्रवास धोक्याचा होतो. खेळ कोठेही उपदेश करत नाही. तो निवड करू देतो आणि तिचा परिणाम भोगायला लावतो. हिंसेचे दृश्य म्हणाल तर याने फुटतात, रक्तपात दिसत नाही.

तरीही माणसांची खरेदी-विक्री हा एका ओळीचा जिन्नस व्हावा हे मला स्वतःला खटकते, आणि ते खटकणे मुलांशी बोलून दाखवावे असे मला वाटते. यादीतील त्या ओळीवर बोट ठेवून ‘हे येथे का आहे आणि यावर पोलीस का येतात’ असे विचारावे. बारा-तेरा वर्षांची मुले त्यावर नीट बोलतात.

प्रश्न : चित्रे नवी आणि खेळ जुना, एवढाच जर प्रकार असेल तर ‘ऊलाइट’चे कौतुक कशासाठी? त्यापेक्षा मूळ लेखकांपैकी ब्रेबेन यांच्याच कंपनीचा ‘एलीट डेंजरस’ का खेळू नये? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर

‘एलीट डेंजरस’ अवश्य खेळावा. तो फार मोठा आणि देखणा खेळ आहे. २०१२ च्या अखेरीस लोकवर्गणीतून त्याची सुरुवात झाली, डिसेंबर २०१४ मध्ये तो प्रकाशित झाला आणि त्यात आपली आकाशगंगा सुमारे ४०० अब्ज तारामंडलांसह उभी केलेली आहे. मात्र त्याला चांगला संगणक आणि अखंड इंटरनेट लागते. जोडणीशिवाय खेळण्याची सोय देऊ असे आधी सांगून प्रकाशनाच्या तोंडावर ती रद्द करण्यात आली, आणि वर्गणी दिलेल्या अनेकांना ते लागले. कंपनीचे सर्व्हर ज्या दिवशी बंद होतील त्या दिवशी ते विश्वही बंद होईल, ही मला त्यातील मोठी उणीव वाटते.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. जुन्या खेळाचा नवा अवतार त्याच्या चित्रांवरून मोजू नये. मूळ नियम आणि त्या नियमांतून निपजणारे परिणाम त्यात टिकले आहेत की नाहीत, यावरून मोजावा. ‘ऊलाइट’मध्ये लेव्ह, झाओन्स आणि टीबेडीएड जेथल्या तेथे आहेत. सात प्रकाशवर्षांपलीकडे एका उडीत जाता येत नाही, ‘एलीट’ ही पदवी मिळवायला ६,४०० शत्रुयाने पाडावी लागतात, आणि डॉकिंग आजही तितकेच अवघड आहे. यांपैकी एकही गोष्ट सोपी करण्याचा मोह लेखकांनी धरला नाही, आणि माझ्या दृष्टीने हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी आहे.

भर घातली आहे ती योग्य जागी. मूळ खेळात स्मृती इतकी तोकडी होती की दुसरी याने खेळाडूच्या आसपास तेवढ्यापुरती निर्माण होत आणि तो दूर गेला की नाहीशी होत. विश्वात वस्ती अशी नव्हतीच. ‘ऊलाइट’मध्ये व्यापारी आपापला माल घेऊन स्थानकाकडे निघालेले असतात, चाचे त्यांना वाटेत गाठतात, पोलीस मदतीला धावतात आणि बक्षिसासाठी गुन्हेगारांच्या मागावर असलेले शिकारीही हिंडत असतात, आणि हे सारे खेळाडूला वगळूनही चालू राहते. आपण दूर अंतरावर प्रकाशाच्या रेघा चमकताना पाहतो. तेथे कोणीतरी लुटला जात असतो. मदतीला जायचे, की वाट वाकडी करून आपला माल वाचवायचा? मूळ लेखकांनी या प्रश्नाचे बीज पेरले होते, पण त्यांच्या यंत्राला तो दाखवणे झेपण्यासारखे नव्हते. नव्या अवताराने नेमके तेवढे पुरे केले.

प्रश्न : शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे जुनी आहेत. हा खेळ पेन ड्राइव्हवरून सर्व यंत्रांवर उतरवणे कायदेशीर ठरेल काय? आणि विद्यार्थ्यांना त्यात स्वतः काही घडवता येईल काय? – एक शिक्षिका, बार्शी

निःशंक उतरवावा. ‘ऊलाइट’ची आज्ञावली जीपीएल परवान्याखाली खुली आहे, त्यामुळे तिच्या प्रती करून वाटता येतात, आणि विंडोज, लिनक्स तसेच मॅक या तिन्हींवर तो चालतो. जुन्या यंत्रांवर पडद्याचा आकार आणि चित्रांचा तपशील कमी ठेवावा. जाता जाता एक सांगावेसे वाटते : ज्या ‘बीबीसी मायक्रो’वर मूळ खेळ जन्मला, तेच संगणक केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४-८५ पासून भारतातील निवडक शाळांत आले होते, तेव्हा या खेळाला शाळेचा संगणक कक्ष अगदीच परका नाही.

घडवण्याविषयी सांगायचे तर, खेळात नवी याने, नवा माल आणि नव्या मोहिमा घालणारी विस्तार-पाकिटे जगभरच्या खेळाडूंनी मोठ्या संख्येने तयार केली आहेत. त्यांची वर्णने साध्या मजकुराच्या फायलींत आणि वर्तन जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असते. विद्यार्थ्यांनी आधी कोणतेही पाकीट न घालता मूळ खेळ काही आठवडे खेळावा, मग एखादे लहान पाकीट ‘ॲडऑन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या फायली उघडून वाचाव्यात आणि एखाद्या यानाचा वेग किंवा मालाची जागा यांसारखी एकच संख्या बदलून परिणाम पाहावा. बदल करण्याआधी फाइलची प्रत वेगळी ठेवायला सांगावे.