मुलीच्या डॉक्टरसाठी सिक लीव्ह टाकू का?

प्रश्न: मी पुण्यात एका प्रायव्हेट ऑफिसात आहे, ३०-४० जणांचा स्टाफ. मुलगी ५ वर्षांची, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सारखं न्यावं लागतं आणि अपॉइंटमेंट नेमकी वर्किंग डेलाच मिळते. सिक लीव्ह टाकली तर एचआर म्हणते की ती फक्त स्वतःच्या आजारपणाला. मग मीच आजारी आहे असं सांगू का?

उत्तर: नका सांगू हो, उगाच दुपारी क्लिनिकबाहेर कोणी ओळखीचं भेटलं की पंचाईत. एचआरचं म्हणणं बहुतेक कंपन्यांच्या नियमात बसतं, पण तुमच्याकडे कॅज्युअल लीव्ह आहे ना! महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तुमच्याएवढा स्टाफ असलेल्या ठिकाणी वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे, ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते, म्हणून साठवून काही फायदा नाही, ती अशाच कामाला वापरायची. पुढची तारीख डॉक्टरकडून निघतानाच घ्या आणि त्याच दिवशी साहेबांना मेल टाकून ठेवा, हाफ डे चालतो का तेही विचारा. सरकारी नोकरीवाल्यांचं वेगळं, केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा असते, आपल्याला कुठलं तेवढं नशीब. आणि एक विचारते, राग मानू नका, मुलीचे बाबा कधी रजा टाकतात का? त्यांच्याही ऑफिसात कॅज्युअल लीव्ह असेलच की, एकाआड एक जा.