ख्रिस्ती विश्वासात भावना आणि आवेशाला किती जागा आहे?

भरपूर आहे. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या थडग्यापाशी येशू स्वतः रडला. येशूचा प्रेषित पौल यानेही रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिलं की उत्साहात मंद पडू नका. पण त्याच पत्रात, दहाव्या अध्यायात, तो ज्ञानाविना असलेल्या आवेशाबद्दल खंतही व्यक्त करतो.

मला इथे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात, आपल्या नागपूरशी नातं असलेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका परदेशी प्रवाशाने त्यांना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला. त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलून गेले, तरी बाप्तिस्मा घेतला तो 1895 साली, बराच अभ्यास करून. पुढे त्याच भावनेतून त्यांची अभंग-भजनं आली.

आमच्या सदरच्या चर्चमध्ये एक मावशी भजन सुरू झालं की डोळे मिटतात, पदराने गाल पुसत राहतात. उपासना संपली की पिशवीतला डबा घेऊन थेट मेयो रुग्णालयात, ओळख ना पाळख अशा रुग्णाकडे. मे महिन्याच्या उन्हातही. त्यांचे अश्रू खरे, हे मला त्या डब्यावरून कळतं.

आणि कोणाला रडू येत नसेल, तर त्याचा विश्वास कमी आहे असं कृपा करून समजू नका. कोरड्या मनाने केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत अशा कितीतरी प्रार्थना आहेत.