आधी काढायला शिक, मग घ्यायला

तुझं पत्र वाचलं. ग्रंथालयशास्त्राची पदवी झाली, लहानशा ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागलीसही. पण पुस्तकं कशी निवडायची नि कशी राखायची, हे नोटांपलीकडे उमगत नाही. म्हणून आणखी एखादा कोर्स करू का, असं विचारतेस. सध्या तरी नको. बसतेस तिथेच सहा महिने शीक.

सुरुवात खरेदीपासून करू नकोस. नवी पुस्तकं मागवायला सगळ्यांनाच आवडतं, जुनं काढताना मात्र हात आखडतो. एक कपाट निवड. एकेक पुस्तक हातात घेऊन ते शेवटचं कधी बाहेर गेलं ते बघ. माहिती शिळी झालीय का, सुधारित आवृत्ती आलीय का, पानं सुटलीत का, दुसऱ्या ग्रंथालयातून सहज मागवता येईल का, हे टिपून ठेव. वैद्यक, कायदा, संगणक या विषयांत जुनं पुस्तक नुसतं निरुपयोगी नसतं, दिशाभूल करतं. पण न गेलेलं प्रत्येक पुस्तक टाकाऊ नव्हे. कोश तिथेच बसून चाळले जातात, देवघेवीत त्यांची नोंदच होत नाही. तुझी यादी वरिष्ठांना दाखव आणि वाद घाल. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक संग्रहातून रीतसर काढून टाकण्याचा, अंतिम निर्णय त्यांचा, पण खरं शिकणं त्या वादातच होतं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९चा अभ्यास प्रसिद्ध आहे. १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. त्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीकाही झाली. तरी खरेदीची यादी करताना हा आकडा डोक्यात असू दे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे सांगितलं, ते याचसाठी. वाचकाने मागितलेलं आणि न मिळालेलं पुस्तक एका वहीत लिहीत जा. प्रकाशकांच्या सूचीपेक्षा ती वही जास्त बोलते. देणगीतून आलेल्या पुस्तकांनाही हीच कसोटी लाव. फुकट आलेलंही जागा खातंच.

देखभालीचं थोडक्यात सांगते. पुस्तकं कोंबून लावू नकोस. काढताना पुठ्ठ्याचं वरचं टोक ओढू नकोस, शेजारची दोन आत सरकवून मधलं धर. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी कधीच नको, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. ओल आली की बुरशी आणि कसर ठरलेलीच. पुस्तकं भिजली, तर साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते, तेव्हा पंखा लावायला उद्याची वाट बघू नये. वर्षाची पडताळणी कंटाळवाणी असते खरी, पण त्या कामाला आपणहून नाव दे. दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती) आणि कपाट यांतली तफावत एकदा स्वतः शोधलीस की अख्खा संग्रह डोळ्यांपुढे उभा राहतो.

पुढच्या मुलाखतीला जाताना ती न मिळालेल्या पुस्तकांची वही आणि तुझी काढायची यादी, दोन्ही सोबत ने.