देणग्यांची खात्री नसताना संस्थेचं वार्षिक बजेट कसं करावं?

एकच आकडा धरून बसू नका. जमेचे तीन रकाने करा: मंजुरीचं पत्र हातात आहे ते, बोलणी चालू आहेत ते आणि नुसती आशा आहे ते. पगार, भाडं, वीजबिल हे सगळं पहिल्या रकान्यातूनच भागलं पाहिजे. दुसऱ्या रकान्यातले पैसे प्रत्यक्ष खात्यात जमा होईपर्यंत त्यावर नवा माणूस नेमू नका.

खर्चाचंही तसंच. प्रत्येक कामापुढे आधीच लिहून ठेवा: 'सप्टेंबरअखेर हप्ता आला नाही तर दुसरं केंद्र थांबवायचं.' हे एप्रिलमध्ये शांतपणे ठरतं. पैसे संपल्यावर विश्वस्तांच्या बैठकीत नुसती वादावादी होते, आणि कात्री बहुतेक वेळा वस्तीत फिरणाऱ्या ताईंच्या मानधनाला लागते. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

परदेशी निधी असेल तर जास्त सांभाळा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्यातून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांचीच मर्यादा आहे, पूर्वी ती ५० होती. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा कंपनीच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर ठरतो, त्यामुळे मंदीची झळ तुमच्यापर्यंत उशिरा पोचते.

गंगाजळीबद्दल: आयकराची सूट टिकवायला उत्पन्नाचे ८५ टक्के कामावर खर्च व्हावे लागतात, पण उरलेले १५ टक्के बाजूला ठेवता येतात. तेवढे तरी ठेवाच. त्याहून जास्त साठवायचं असेल तर वर्ष संपण्याआधी सीएंशी बोला.