बाबांची जागा बागेसाठी द्यायचीय, महापालिका घेईल का?

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आमचं बैठं घर होतं, ते पडून बरीच वर्षं झाली, आता साधारण 220 चौरस मीटर जागा मोकळी आहे, त्यात मोठी बकुळ आहे. बिल्डरचे फोन येतच असतात पण बाबांना (वय 83) ती जागा महापालिकेला बागेसाठी दान करायचीय, आजूबाजूच्या पोरांना खेळायला काहीच नाही म्हणून. भावाची हरकत नाही. पालिका एवढी छोटी जागा घेते का, आणि उद्या तिथे भलतंच काही उभं केलं तर?

उत्तर: ताई, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. मुंबईत 220 चौरस मीटर मोकळी जागा सोडून द्यायला किती मोठं मन लागतं ते आपल्याला माहितीय.

तर पालिका दान घेऊ शकते, पण "मी दिलं" एवढ्याने ते होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 122 प्रमाणे दान घेणाऱ्याने ते स्वीकारावं लागतं आणि तेही देणारा हयात असताना, आणि कलम 123 प्रमाणे जागेचं दानपत्र रजिस्टर करावंच लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. हे मी एवढं ठासून सांगते कारण माझ्या मावशीनेही वाडीतला तुकडा बालवाडीला द्यायचं सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं, अर्जही दिला होता, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली आणि मावशी गेली. नंतर पाच वारस, पाच मतं. आज तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि आत स्कूटर लावतात. म्हणून बाबांचं वय बघता उशीर करू नका.

सुरुवात प्रॉपर्टी कार्डापासून करा. नगर भूमापन कार्यालयातून ताजा उतारा काढा आणि नाव बाबांचंच आहे ना बघा, कारण बऱ्याच घरांत अजून आजोबांचंच नाव असतं, तसं असेल तर वारस नोंद आधी, आणि मग बाबांची भावंडं किंवा त्यांची मुलंही हिस्सेदार निघू शकतात, त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. भाऊ फोनवर हो म्हणतो ते चांगलंच आहे, पण वकिलाला विचारून त्याचंही लेखी घ्या.

मग डीपी रिमार्क काढा, म्हणजे विकास आराखड्यात तुमच्या जागेबद्दल काय नोंद आहे त्याचा पालिकेचा दाखला. विकास आराखडा 2034 मध्ये तुमच्या प्लॉटवर उद्यानाचं किंवा मैदानाचं आरक्षण असेल तर गोष्ट वेगळी, कारण एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966 च्या कलम 126 खाली आरक्षित जागा पालिकेला देताना मोबदला किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळू शकतो. बाबांना तो नको असेल तरी हक्क काय आहे ते कळूनच सोडू दे. रस्ता रुंदीकरणाची रेघ आतून जात असेल तर तीही इथेच दिसेल.

हे कागद घेऊन टी वॉर्डच्या (मुलुंडचा पालिका विभाग) ऑफिसात उद्यान विभागाला भेटा, पत्राची पोच घ्या. ते लगेच हो म्हणणार नाहीत, त्यात वाईट वाटून घेऊ नका. जागा घेतली की पाणी, माळी, वॉचमन, दिवे, सगळा कायमचा खर्च त्यांच्या गळ्यात पडतो आणि छोट्या जागेवर अतिक्रमण पटकन होतं. म्हणून गल्लीतल्या सोसायट्यांची सह्यांची पत्रं सोबत जोडा, दोघा-तिघांनी गेटची किल्ली सांभाळायची तयारी दाखवली तर फार फरक पडतो.

तुमची खरी भीती, नंतर काय होईल याची. "जागा फक्त सार्वजनिक बागेसाठी" ही अट दानपत्रातच लिहून घ्या. कलम 126 (हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं, वरचं एमआरटीपीचं नव्हे) असं सांगतं की दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली घटना घडली तर दान रद्द होईल असं दोघांनी ठरवता येतं, पण "मला वाटेल तेव्हा परत घेईन" अशी अट टिकत नाही. म्हणून शब्द जपून लिहायला हवेत, इथे चांगल्या वकिलाचे पैसे वाचवू नका.

आणि बकुळ! मुंबईत झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागतेच, तरी दानपत्रासोबतच्या नकाशात तिची जागा दाखवा. बाबांना बाकडं कुठे हवंय तेही त्यांच्याच हाताने त्या नकाशावर खूण करून घ्या.