एमओटीचा निकाल कसा वाचावा? जुनी गाडी घेणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली (उत्तर आयर्लंडमध्ये चार) की दरवर्षी तिची एमओटी, म्हणजे सक्तीची सरकारमान्य तपासणी, करून घ्यावी लागते. गाडीचा नंबर टाकला की तिचे जुने निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. या निकालांवरून गाडी पारखण्याबद्दल आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न (स्लाव): ‘एमओटीत सर्वाधिक नापास होणाऱ्या गाड्या’ अशी यादी पाहिली. मला घ्यायची आहे तेच मॉडेल त्यात वरच्या क्रमांकावर आहे. विचार सोडून द्यावा का?

यादीवरून सोडू नका. एमओटी गाडी रस्त्यावर चालवण्याइतकी सुरक्षित आहे का आणि तिचा धूर मर्यादेत आहे का, एवढेच तपासते. इंजिनाची आतली झीज, क्लच आणि गिअरबॉक्स तपासणीच्या कक्षेत येत नाहीत. टायमिंग बेल्ट आयुष्य संपून गेलेला असला तरी गाडी आरामात पास होते. खिशाला खरी कात्री लावणारे बिघाड हेच, आणि नेमके तेच या आकड्यांत दिसत नाहीत.

दुसरे असे, की नापास होण्याच्या कारणांत दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर ही नेहमी आघाडीवर असतात. त्यातले दिवे आणि टायर बहुतांशी मालकाच्या हातात आहेत. नंबरप्लेटवरचा बल्ब गेला म्हणून नापास झालेली गाडी आणि स्प्रिंग तुटली म्हणून नापास झालेली गाडी यादीत शेजारी शेजारी बसतात. स्वस्त, छोटी, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेलेली मॉडेल्स वरच्या क्रमांकांवर दिसतात, त्याचे मोठे कारण त्यांच्यावर वेळेवर खर्च होत नाही हे आहे. महागड्या गाड्या सर्व्हिसिंग करून, फुटके बल्ब बदलूनच तपासणीला जातात.

त्यामुळे मॉडेलचा एकूण टक्का बाजूला ठेवा आणि ते कशामुळे नापास होते ते बघा. कॉइल स्प्रिंग, बॉल जॉइंट, ब्रेक पाइप, चासीचा गंज या बाबी त्याच वयाच्या आणि तेवढ्याच मैलांच्या इतर गाड्यांपेक्षा त्या मॉडेलमध्ये ठळकपणे जास्त असतील, तरच गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवता येते.

प्रश्न (स्विंडन): २०१६ ची डिझेल हॅचबॅक पाहिली आहे. इतिहास असा: २०१९, ३८ हजार मैल, पास. २०२१, ५९ हजार, मागची कॉइल स्प्रिंग तुटल्याने नापास, नंतर पास. २०२२, ६१ हजार, पास, ‘पुढच्या लोअर आर्मचे बुश झिजले आहे’ अशी ॲडव्हायझरी (नापास न करता दिलेली सूचना). २०२३, ६३ हजार, तीच ॲडव्हायझरी. २०२४, ६५ हजार, तीच आणि शिवाय ‘ब्रेक पाइप गंजला आहे’. २०२५, ६७ हजार, काहीही शेरा नाही. विक्रेता म्हणतो, शेवटची एमओटी स्वच्छ आहे. घेऊ का?

आधी मैल बघा. २०२१ पर्यंत गाडी वर्षाला दहा-बारा हजार मैल चालली, म्हणजे मोटरवेवरचा वापर. त्यानंतर वर्षाला जेमतेम दोन हजार. ‘कमी चाललेली गाडी’ म्हणून ही जमेची बाजू वाटेल, पण डिझेलच्या बाबतीत उलट आहे. एक्झॉस्टमधल्या डीपीएफ फिल्टरमध्ये साचलेली काजळी जळून जायला गाडी तापलेली लागते आणि सलग पंधरा-वीस मिनिटे ताशी चाळीस मैलांच्या वर चालावी लागते. शाळा, दुकान, घर अशा फेऱ्यांत ते होत नाही. साफसफाई अर्धवट राहिली की काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिक काढून पाहा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर तिथेच थांबा.

स्प्रिंग तुटण्याचे फार मनावर घेऊ नका. ब्रिटनचे खड्डे आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ यांनी स्प्रिंगवरचा रंग उडतो, गंज धरतो आणि बहुधा शेवटच्या वेटोळ्यात ती तुटते. दोन्ही बाजूंच्या एकदम बदलल्या का, एवढे विचारा. एकच बदलली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे.

खरी गोम बुशच्या ॲडव्हायझरीत आहे. बुश म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर, आणि ते एका दिवसात जात नाही. तीन वर्षे तोच शेरा कागदावर येत राहिला आणि कोणी हात लावला नाही, यावरून मालकाचे धोरण ‘पास होतेय ना, मग चालू दे’ असे होते हे कळते. ज्याने बुश बदलले नाही, त्याने ऑइल वेळेवर बदलले असेल असे धरून चालू नका. सर्व्हिसची बिले मागा. नुसता शिक्का मारलेले पुस्तक पुरेसे नाही. बिलावर ऑइलचा ग्रेड, तारीख आणि मैल असायला हवेत.

आता २०२५ चा स्वच्छ निकाल. बुश आणि ब्रेक पाइप दोन्ही बदलले असतील तर बिल असेल आणि पाइपही डोळ्यांना दिसेल: नवा पाइप तांबूस किंवा चकचकीत असतो, जुन्यावर तपकिरी खवले असतात. बिल नाही आणि पाइप जुनाच, तर शेरा गायब झाला तो तपासनिसाच्या नजरेतून. ॲडव्हायझरी लिहिणे बरेचसे तपासनिसाच्या निर्णयावर असते आणि दोन गॅरेजांत फरक पडतो. पाइपवर ताजे ग्रीस किंवा काळा लेप फासलेला दिसला तर अधिकच सावध व्हा. खाली प्लास्टिकचे आवरण असेल तर त्यामागचे काहीच तपासले जात नाही, कारण एमओटीत सुटे भाग खोलायचे नसतात.

आमचे मत: बिले नसतील तर ही गाडी सोडा. बिले असतील तर ती उचलून खालून पाहण्याचे पैसे स्वतंत्र मेकॅनिकला द्या आणि मगच भावाचे बोला.

प्रश्न (म्युनिक): टीयूव्ही या इथल्या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात टेस्ला शेवटी आली. विजेच्या गाड्या टिकाऊ नसतात असे समजायचे का?

नाही. जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. २०२४ च्या टीयूव्ही अहवालात दोन-तीन वर्षे वयाच्या गटात टेस्लाची मॉडेल ३ तळाला होती आणि १४.७ टक्के गाड्यांत लक्षणीय दोष सापडले. पुढच्या वर्षीही ती तळालाच राहिली. दोष निघाले ते मुख्यत्वे ब्रेक डिस्क, चाकाचे सस्पेन्शन आणि दिवे यांत. मोटर किंवा बॅटरीचे आरोग्य या तपासणीत मोजलेच जात नाही.

ब्रेक डिस्क खराब होण्याचे कारण साधे आहे. पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. पॅड डिस्कला क्वचितच घासतात, म्हणून डिस्कवर गंज चढतो आणि घासणारा पृष्ठभाग कमी होत जातो. सस्पेन्शनवर बॅटरीच्या वजनाचा ताण असतो. शिवाय या कंपनीत दरवर्षीच्या सर्व्हिसिंगची सक्ती नाही, त्यामुळे पहिल्या तपासणीआधी गाडीखाली कोणी डोकावलेलेच नसते. इतर कंपन्यांच्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या वर्कशॉपमधून तयार होऊन जातात. सगळ्या विजेच्या गाड्यांची गत अशी झालेली नाही.

उपाय घरचाच आहे. दर आठवड्याला मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ताशी साठ किलोमीटरवरून चार-पाच वेळा नेहमीपेक्षा जोरात ब्रेक लावा. गाडी धुतल्यावर लगेच उभी करून ठेवू नका, थोडी चालवून ब्रेक कोरडे करा. तपासणीच्या महिनाभर आधी लोअर आर्मचे सांधे कोणाला तरी हलवून पाहायला सांगा.

प्रश्न (लेस्टर): पुढच्या महिन्यात एमओटी आहे. घरच्या घरी काय पाहून ठेवावे?

कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः गाडीभोवती फिरून सगळे दिवे पाहा. मागचा फॉगलॅम्प, वरचा तिसरा ब्रेकलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा हे तीन लोक हमखास विसरतात. टायरची नक्षी मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, पूर्ण घेरावर किमान १.६ मिमी हवी. २० पेन्सचे नाणे खाचेत उभे घाला. त्याची बाहेरची कड दिसेनाशी झाली तर नक्षी पुरेशी आहे. हे आतल्या कडेलाही करा, कारण व्हील अलाइनमेंट बिघडली की टायर तिथेच आधी झिजतो आणि बाहेरून ते कळत नाही.

काचेवर ड्रायव्हरच्या समोरच्या पट्ट्यात (स्टीअरिंग मध्यभागी धरून २९० मिमी रुंद) १० मिमीपेक्षा मोठा टवका चालत नाही. वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात मर्यादा ४० मिमी आहे. चावी फिरवल्यावर एबीएस, एअरबॅग आणि इंजिनाचे इशारा-दिवे लागून विझले पाहिजेत. न विझणारा दिवा नापास करतो, आणि मुळात न लागणारा दिवा कोणीतरी दडवला असण्याची शक्यता असते. वॉशरमध्ये पाणी भरा.

डिझेल गाडी तापवूनच न्या, निदान अर्धा तास हायवेवर चालवून. डीपीएफ असलेल्या गाडीतून डोळ्यांना दिसेल असा धूर निघाला, मग तो कोणत्याही रंगाचा असो, तर ती नापास. मुदत संपण्याच्या एक महिना वजा एक दिवस आधीपासून तपासणी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्यात काहीच फायदा नाही.

प्रश्न (हाउन्स्लो): नापास झाली तर गाडी घरी आणता येते का? पुन्हा पूर्ण फी लागते?

दोष ‘डेंजरस’ लिहिला असेल तर दुरुस्तीशिवाय चालवू नका. ‘मेजर’ असेल आणि जुन्या एमओटीची मुदत शिल्लक असेल तर नेता येते, मात्र गाडी रस्त्यावर चालण्याजोगी हवी. मोटारीच्या तपासणीची कमाल फी ५४.८५ पौंड आहे. त्याच केंद्रात दुरुस्तीला ठेवली आणि दहा कामकाजाच्या दिवसांत फेरतपासणी झाली तर फी नाही. बाहेर नेऊन दहा दिवसांत परत आणली तर अंशतः फी घेतात. दिवे, टायर, वायपर अशा काही बाबतींत लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेरपर्यंत आणली तर तीही नाही.

प्रश्न (लंडन): मी डेटाचेच काम करतो. डीव्हीएसएने (ब्रिटनच्या वाहन-तपासणीच्या सरकारी संस्थेने) खुला केलेला एमओटीचा विदा घेऊन मॉडेलांची तुलना करायची आहे. कुठे चुकण्याची शक्यता आहे?

पहिली चूक फेरतपासण्या मोजण्याची. फक्त पहिली, साधी तपासणी घ्या. निकालाच्या रकान्यात पास आणि नापास यांखेरीज ‘पीआरएस’ असा प्रकार आढळेल. दोष सापडला, तासाभरात तिथेच दुरुस्त झाला आणि गाडी पास झाली, असा त्याचा अर्थ. टिकाऊपणा मोजताना त्याला नापासच धरा. हा रकाना पासमध्ये टाकला की लहानसहान दोषांची मॉडेल्स उगाच चांगली दिसतात.

वय आणि मैल दोन्हींचे गट पाडल्याशिवाय तुलना करू नका. मिनीकॅब म्हणून वापरली जाणारी टोयोटा प्रियस एका वर्षात घरगुती गाडीच्या तीन-चार वर्षांएवढे मैल कापते. २० मे २०१८ ला दोषांचे वर्गीकरण बदलले, त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करू नका. २०२० मध्ये ३० मार्चपासून जुलैअखेरपर्यंत मुदत संपणाऱ्या गाड्यांना सहा महिने वाढवून दिले होते, म्हणून त्या वर्षीचे वयाचे हिशेब सरकतात. नमुन्याचा आकारही पाहा: १०० तपासण्यांत ३० नापास असतील तर खरा टक्का २१ ते ३९ मध्ये कुठेही असू शकतो. हजार तपासण्यांत तोच अंदाज २७ ते ३३ वर येतो. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांबाबत जपून, कारण वाईट निघालेल्या तोवर भंगारात गेलेल्या असतात आणि उरलेल्या जपलेल्या असतात.

प्रश्न (पुणे): आपल्याकडे अशी माहिती मिळते का?

मॉडेलनिहाय नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, फिटनेस तपासणी तोपर्यंत होतच नाही आणि नंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. ठरावीक मुदतीने होते ती पीयूसी, आणि तिच्यात फक्त धूर मोजतात. एमपरिवहन ॲपवर नोंदणी, विमा, पीयूसी आणि फिटनेसची मुदत दिसते, दोषांचा इतिहास नाही.

म्हणून इथे तपासनिसाचे काम तुम्हालाच करावे लागेल. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीची जॉबकार्डे काढून घ्यायला मालकाला सांगा. त्यांतले किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का ते जुळवा. कोकण किंवा गोव्यात वापरलेली गाडी असेल तर कार्पेटखालची फरशी, स्टेपनीची जागा, जॅक लावण्याचे कोपरे आणि दारांच्या खालच्या कडा पाहा, खारा वारा आधी तिथे पोचतो. पुराची शंका असेल तर मागचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. मालक आतले सगळे धुऊन घेतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. आणि गाडी थंड असताना पाहायला जा; आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होतानाचा धूर आणि खडखड दाखवत नाही.